पाओलोझीचं प्रिंट घ्यायचंय (लंडन, बजेट ४०० पौंड)

टेम्सकाठी: टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनातली ब्रिटिश पॉप कलाकार पाओलोझीची मोझेक रोज बघते. आता त्याच्या 'जनरल डायनॅमिक फन' (१९७०) संचातलं एखादं सुटं पान भिंतीवर हवंय. जाहिराती, खेळणी, यंत्रांचे भाग, सगळं एकाच कागदावर! ४०० पौंडांच्या वर जमणार नाही. कसं पारखू?

लीड्सवासी: दोन-तीन वर्षं पैसे साठवा आणि 'ॲज इज व्हेन' (१९६५) मधलंच घ्या. केल्प्रा स्टुडिओत ख्रिस प्रेटरने छापलेली ती १२ प्रिंट्स. माझ्याकडे एक आहे, सहीसकट. पाहुणे आधी तिथेच थांबतात.

छापखाना: सांगलीत वडिलांचं स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छपाई) होतं, पिशव्या आणि लग्नपत्रिका. भिंग घेऊन जा. ऑफसेटच्या, म्हणजे मासिकांसारख्या छपाईच्या, नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात. स्क्रीनची शाई सपाट, जाड बसते, तिरक्या उजेडात कळते.

केंटकर: ठिपके म्हणजे नक्कल, असं नाही. पाओलोझी मासिकांतले फोटो वापरायचा, त्यांचे ठिपके अस्सल प्रिंटातही येतात. शिवाय त्या संचातल्या ५० पानांत स्क्रीनप्रिंट आणि फोटोलिथो (फोटोवरून प्लेट बनवून केलेली छपाई) दोन्ही आहेत. तुमचं पान कोणतं, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

छापखाना: मी फुलं म्हणालो, नुसते ठिपके नाही.

ऊनसावली: ताई, लिलावात जपून. माझी बोली ३१० ची, कमिशन आणि व्हॅट धरून बिल ४०० वर गेलं. फ्रेम उघडली तर मागे साधा पुठ्ठा, त्याने कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या. फार वाईट वाटलं. ॲसिड-फ्री माउंटच (कागद पिवळा न करणारा पुठ्ठा) लावा, उन्हात टांगू नका.

पुणे५२: पॉप आर्ट, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तूंची कला, ती अमेरिकेच्या वॉरहॉलची. १९६२ ची त्याची सूपच्या डब्यांची चित्रं!

केंटकर: पाओलोझीच्या १९४७ च्या कोलाजमध्ये पिस्तुलातून 'पॉप' हा शब्दच उडालाय. आधी तारखा बघा.

लीड्सवासी: मूळ मुद्दा राहिला. सही नसलेलं घेऊ नका.

ऊनसावली: आणि डागाळलेलं तर मुळीच नाही. टेट ब्रिटनच्या प्रिंट्स रूममध्ये आधी वेळ घेऊन अस्सल पानं जवळून बघता येतात. नजर तयार होते.

टेम्सकाठी: टेटला जाऊन आले, ऊनसावली, खूप आभार! आणि काल पान घेतलं. फोटोलिथो आहे, सही नाही, खालच्या कोपऱ्यात डाग आहे. ३४० पौंड. दुकानात त्याच्यासमोरून पाय निघेना. खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये लावतेय. उरलेल्या साठात ॲसिड-फ्री माउंट बसेल का?