नाक मोकळं करणारी गोळी आणि हिस्टामिन

कुणीतरी म्हटलंय की नाक मोकळं करणारी गोळी हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन, कमी करते. तसं नाही. हिस्टामिनमुळे नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, शिंका येतात. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी हिस्टामिनला त्याच्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या त्याच्या जागेवर) बसू देत नाही. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मात्र हिस्टामिनच्या वाटेलाच जात नाही. ते फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं. अर्थात फक्त नाकातल्याच नाही, म्हणून बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करायला बहुधा फिनाइलएफ्रिन असतं. पोटातून घेतलं की त्याचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (औषध नियामक संस्थेच्या) सल्लागार समितीने तोंडावाटे घेतलेलं फिनाइलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर निरुपयोगी ठरवलं, तेही एकमताने! गोळीने येणारी झोप बहुतेक वेळा सोबतच्या क्लोरफेनिरामिन या हिस्टामिन अडवणाऱ्या औषधाची.