शब्दचर्चा: भिंतीचं 'टेक्श्चर' आणि पीडीएफचा 'व्ह्यूअर'

प्रश्न

धनकवडीतल्या आमच्या सोसायटीचा बाहेरचा गिलावा नव्याने करायचा आहे, जिन्यातल्या भिंतींना टेक्श्चर द्यायचं ठरलंय. ठेकेदाराचं दरपत्रक इंग्रजीत आलंय आणि बरेच सभासद ज्येष्ठ आहेत, म्हणून मी त्याचं मराठी माहितीपत्रक करतेय. टेक्श्चर, फिनिश, कोट आणि 'डॉक्युमेंट व्ह्यूअर' या शब्दांशी अडलेय. शिवाय पत्रकाची पीडीएफ काहींच्या फोनवर नीट दिसत नाही. कुठे जोडाक्षरं फुटतात, कुठे नुसते चौकोन येतात. कृपया मदत करा.

उत्तर

आधी भिंत. 'टेक्श्चर' या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. हाताला जाणवतो तो गुण, कारागीर करतो ते काम आणि डब्यातून येतो तो माल. गुणासाठी 'पोत' हा उत्तम शब्द आहे. कापडाचा पोत, मातीचा पोत आपण रोज म्हणतो, मग भिंतीचाही म्हणावा. पण 'भिंतीला पोत मारला' असं कुठलाही रंगारी म्हणणार नाही. कामाला 'टेक्श्चरचं काम' आणि मालाला 'टेक्श्चर पेंट' असंच राहू द्या. ज्याच्याशी बोलायचं त्याला कळलं पाहिजे.

खरी गंमत विशेषणांत आहे आणि सभासदांना उपयोग त्यांचाच होईल. रवाळ, खडबडीत, लाटालाटांचा, रेघारेघांचा, ठिपक्यांचा असं लिहिलंत की नमुना न बघताही डोळ्यांपुढे येतं. 'रस्टिक', 'डिझायनर' असल्या शब्दांनी काहीच दिसत नाही.

'कोट'साठी रंगाऱ्यांचाच शब्द आहे: हात. 'प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात.' गिलाव्याला मात्र 'थर' म्हणा. बाहेरचा सँडफेस गिलावा दोन थरांत करतात, आतला साधारण १२ मिलिमीटरचा आणि वरचा सुमारे ८ मिलिमीटरचा. वरचा थर ओला असतानाच गवंडी त्यावर स्पंज फिरवतो, मग सिमेंट बाजूला होऊन वाळूचा कण वर येतो. तो रवाळपणा म्हणजेच सँडफेस. पत्रकात हा शब्द तसाच ठेवून पुढे 'वाळूचा रवाळ गिलावा' असा खुलासा करा. घरातल्या भिंतींवरच्या गुळगुळीत चुन्याच्या हाताला आपल्याकडे 'नीरू' म्हणतात, तो शब्द ज्येष्ठांना नक्की ओळखीचा असेल. जुने रंगारी पुट्टीला, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायच्या लेपाला, 'लांबी' म्हणतात, तेही कंसात देता येईल.

'फिनिश'ला एकच प्रतिशब्द शोधत बसू नका. 'फिनिश गुळगुळीत हवा' इथे 'पृष्ठभाग' चालेल, 'फिनिशिंग राहिलंय' इथे 'शेवटचा हात' चालेल.

शब्दांपलीकडचं एक सांगते, पत्रकात जरूर घाला. टेक्श्चरखाली भिंतीचे बारीक उंचसखल भाग झाकले जातात, ओल झाकली जात नाही. ओलीवर टेक्श्चर केलं तर पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि काढायला खरवडावं लागतं. म्हणून आधी गळती, मग टेक्श्चर.

उत्तर

पीडीएफबद्दल लिहितो. 'दर्शक' एकटा वापरला की प्रेक्षक वाटतो, पण सूक्ष्मदर्शक, दिशादर्शक हे शब्द रुळलेले आहेत, त्यामुळे 'पीडीएफदर्शक' चुकीचा नाही. 'दस्तऐवज दर्शक' मात्र टाळा. 'दस्त' म्हटलं की पुण्यात माणसाला नोंदणी कार्यालय आठवतं. सभासदांसाठी सरळ 'पीडीएफ उघडायचं ॲप' लिहा.

अक्षरं फुटण्यामागे वेगवेगळी कारणं असतात. चौकोन किंवा फुटकी जोडाक्षरं दिसली तर बहुधा फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला ('एम्बेड' केलेला) नाही, म्हणून ॲप दुसरा फॉन्ट लावतं. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स' हा भाग उघडा. फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' नसेल तर पीडीएफ पुन्हा बनवा, फॉन्ट एम्बेड करून.

दिसायला ठीक, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांची खिचडी येते? मग मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. अशा फाइलमध्ये मराठी शब्द शोधताही येत नाही. युनिकोडमध्ये नव्याने टंकन किंवा रूपांतर हाच उपाय. आणि मजकूर निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे स्कॅन केलेलं चित्र आहे. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की बराचसा मराठी मजकूर ओळखला जातो. जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. टेक्श्चरचे नमुने पीडीएफमध्येच टाकावेत का?

उत्तर

टाका, पण त्यावरून निवड करू देऊ नका. ॲपमध्ये '१००%' दिसतं म्हणजे नमुना खऱ्या आकारात दिसतो असं नाही, ते पडद्यावर अवलंबून असतं. रवा किती जाड, रेघ किती खोल, हे फोनवर कळत नाही आणि रंगही पडद्यागणिक बदलतो. छापायचंच असेल तर प्रिंटच्या पर्यायांत 'फिट' न निवडता 'ॲक्च्युअल साइज' निवडा. त्याहून बरं म्हणजे ठेकेदाराकडून जिन्यातल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट असे तीन नमुने करून घ्या आणि खिडकीतून तिरपा उजेड येतो त्या वेळी सगळ्यांना दाखवा. समोरच्या उजेडात सगळे पोत सारखेच वाटतात.

उत्तर

व्याकरणाचं राहिलं. या अर्थाचा 'पोत' पुल्लिंगी, तर गळ्यातली काळ्या मण्यांची 'पोत' स्त्रीलिंगी. विभक्तीत 'पोताचे नमुने' होतं. टंकताना 'पोत्याचे नमुने' झालं तर ते गोणीचे होतात आणि स्पेलचेकर ते पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. पत्रक पाठवण्याआधी तेवढं शोधून बघा.