लहान पोरांसोबत ऋतू कसे बघता? (अनुभव धागा)

दोन_वादळांची_आई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक साडेचार वर्षांचा आणि एक दीड वर्षांची, राहायला पुण्यात. वीकेंड आला की नवऱ्याचं नी माझं तेच, इकडे जाऊ तिकडे जाऊ, मग ट्रॅफिक, पार्किंग, डायपर, वरणभाताचा डबा हे सगळं डोळ्यांसमोर येतं आणि शेवटी मॉल. गेल्या पावसाळ्यापासून मात्र आम्ही एकच टेकडी धरलीय. वेताळ टेकडी, रिक्षाने पटकन जाता येतं म्हणून तीच, आणि वर्षभर तिथेच जातोय. मला वाटलेलं पोरं कंटाळतील, पण उलटंच झालं. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलेलं मोठ्याने बघितलंय, तर एप्रिलमध्ये विचारतो, एवढं पाणी कुणी प्यायलं? फेब्रुवारीत गिरिपुष्पाला पान नाही, नुसती गुलाबी फुलं. ते झाड इथलं नाही, पार मेक्सिकोकडचं, टेकड्यांवर मुद्दाम लावलेलं, हे मॉर्निंग वॉकवाल्या एका काकांनी सांगितलं, तेव्हापासून लेक त्याला पाहुणं झाड म्हणतो. धाकटीला झाडाबिडाशी घेणंदेणं नाही, तिचं सगळं लक्ष मुंग्यांत.

तर तुम्ही काय करता ते सांगा. सहा-सात वर्षांपर्यंतच्या पोरांचंच लिहा, आणि कृपया रिसॉर्टची नावं नकोत, ती गूगलवर मिळतात. जवळपासचं, पुन्हापुन्हा करता येईल आणि ज्यातून आईबापही जिवंत परत येतील असं काहीतरी :)

कल्याणची_कैरी

मस्त धागा! आमचा निसर्ग म्हणजे भाजी बाजार, हसू नका. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की स्टेशनबाहेर आदिवासी मावशा टोपल्या घेऊन बसतात, पहिल्यांदा शेवळं, मग टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, नंतर कंटोळी. लेक पाच वर्षांची आहे, तिला सांगून ठेवलंय की दर रविवारी नवीन कोण आलंय ते तू शोधायचं. शेवळं बघून म्हणाली ही भाजी आहे का भाला? ती खरंतर फुलाचीच दांडी, पानं मागाहून येतात. साफ करताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि सोबत काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालायचीच, नाहीतर घसा खवखवून जीव जातो. ती पोरीला नाही खायला घालत, ती फक्त बघते, निवडायला बसते.

टाकळ्याची मात्र खरी गंमत. आमच्या बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडला लागून जिथे डेब्रिज टाकलंय तिथेच दाट उगवतो. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. आता रोज दिवेलागणीला खाली जाऊन 'टाकळा झोपला का' बघून यायचं, मगच ही वर येऊन जेवणार. फुकटात काम झालं. (तिथला खुडून खायचा नाही हं, गटार आहे बाजूला.)

झोपमोड

वाचतेय. आमचं अजून तीन महिन्यांचं आहे त्यामुळे सध्या गॅलरीतला कावळा हाच निसर्ग आणि रात्री तीन वाजता उठणे हाच ऋतू.

राजेहो_नागपूर

काय बाप्पा, सगळे पावसाळाच लिहून राहिले. आमच्याकडं पाऊस यायच्या आधी नवतपा येते, पारा पंचेचाळीसच्या वर, तेव्हा पोट्टे घेऊन जायचं कुठं? तर आम्ही उलटं करतो. मार्च-एप्रिलात पहाटे उठतो. सासुरवाडी गोंदियाकडं, तिथं मोहाची झाडं. मोहफुलं रात्रीतून पहाटेपर्यंत गळतात, उजाडल्यावर झाडाखाली पिवळट रसाळ फुलांचा सडा, आणि वास असा का एकदा डोक्यात बसला तर निघत नाही. लहान्याची उंचीच अशी आहे का वाकायची गरज नाही, तो मोठ्यांपेक्षा जास्त वेचतो, अर्धे तोंडात. पण एकटं जायचं नाही, गावातले लोक सोबत पाहिजेत, कारण मोह अस्वलालेबी तितकाच आवडते आणि त्याची यायची वेळ तीच. साडेसातला घरी परत, मग दिवसभर कूलरसमोर. दुपारी टेंभरं नाही तर चारं, ही रानफळं खायची, बिया थुकायची स्पर्धा.

पळस फुलला तेव्हा एक दिवस फुलं आणून पाण्यात उकळून रंग करतो होळीले. पिवळा-केशरी येते. कपड्यावरून लवकर जात नाही, बायकोले विचारा.

काळोखप्रेमी

मी जरा कडू लिहितो, माफ करा. मे संपता संपता सगळ्यांना काजवे दाखवायचे असतात, आणि भंडारदऱ्याकडे शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. हेडलाइट चालू, मोबाइलचे टॉर्च चालू, सेल्फीला फ्लॅश. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो, आपण त्यात हजार दिवे पेटवले तर त्यांनी एकमेकांना शोधायचं कसं? आणि तीन वर्षांचं पोर रात्री साडेदहाला त्या गर्दीत रडतच असतं, ते कशाला काजवे बघतंय. कुठलाही 'महोत्सव' लावला की मी त्या दिशेला जात नाही.

माझं म्हणणं, आठवड्याच्या मधल्या वारी जा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि तोही जमिनीकडे धरा. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर जास्त दिसतात. आणि एकदा मोठा पाऊस लागला की खेळ खलास, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर जाऊन 'काही नव्हतं तिथे' असा रिव्ह्यू टाकू नका.

चिखलबाबा

काळोखप्रेमी, बाकी सगळं मान्य, पण लहान मुलांना नेऊच नका असं म्हणत असाल तर असहमत. आम्ही कर्जतजवळच्या एका गावात ओळखीच्यांकडे राहतो, अंगणातून दिसतात तेवढे बघतो. पाचपन्नास काजवे असले तरी चार वर्षांच्या मुलीला ते खूप झाले, तिला कुठे लाखो हवेत? शिवाय काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात हे कळल्यापासून पावसाळाभर सोसायटीच्या बागेत गोगलगायी शोधणं चालू असतं, दिसली की तिला गंभीरपणे सांगते, तुला खाणार आहेत.

मुलांना मृगाचा किडा कुणी दाखवलाय का? लाल मखमली. पूर्वी ७ जूनच्या आसपास मैदानात सहज दिसायचा, आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक. आम्हाला शेवटी गावाला शेताच्या बांधावर सापडला. पाय मोजायला लावा, आठ भरतात, म्हणजे कीटक नाही, कोळ्याच्या भाऊबंदांतला. तळहातावर चालू द्यायचा आणि परत मातीत. काडेपेटीत भरून आणू नये (आमच्या पिढीने हेच केलंय, माहितीये).

गिअरबद्दल म्हणाल तर महागडा रेनकोट नको, गमबूट घ्या आणि गाडीत दोन जोड कपडे ठेवा. चिखल लागणारच आहे.

पोटोमॅककाठी

आम्ही मेरीलँडला. इथे चार ऋतू अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखे येतात, फॉलमध्ये पानगळ बघायला पोटोमॅक नदीकाठी जातो वगैरे ठीक, पण आमच्या घरातली सगळ्यात मोठी आठवण मे २०२१ ची. सतरा वर्षं जमिनीखाली राहिलेले सिकाडा नावाचे किडे वर आले, ब्रूड टेन म्हणतात त्यांना. साधारण आठ इंच खोलवरची माती १८ अंशांच्या आसपास तापली की निघतात. लेक तेव्हा चार वर्षांचा. सकाळी दार उघडलं तर मेपलच्या खोडावर, पायऱ्यांवर, कारच्या टायरवर सगळीकडे तपकिरी कोषं, नुसती टरफलं. चावत नाहीत, डसत नाहीत, लाल डोळे मात्र भयंकर. हा पठ्ठ्या टरफलं शर्टाला बटणांसारखी लावून फिरायचा. आणि आवाज म्हणजे फोनवर बोलताना दार बंद करावं लागायचं. एवढा सगळा गोंगाट फक्त नरांचा, यावर घरात काय टोमणे झाले ते इथे लिहीत नाही. परत येणार २०३८ मध्ये, त्याने तेव्हाचं आत्ताच ठरवून ठेवलंय की मी कॉलेजमधून सुट्टी घेणार.

साबा (सासूबाई) एका ऑक्टोबरात इथे होत्या. शेजारी पानं गोळा करून कागदी पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवतात, ते बघून त्या हैराण, एवढं सोन्यासारखं खत टाकून देतात? त्यांनी नातवाला हाताशी धरून मागच्या अंगणात खड्डा करून पानं कुजवायला घातली. वसंतात तीच काळी माती कोथिंबिरीला. शेजारीण आता आपल्या पिशव्या आमच्या दारात आणून ठेवते.

माड_आणि_मी

गोव्यातून. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदाचा सगळा अभ्यास माटोळीत होतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत मिळणारी फळं, भाज्या, रानातलं काय काय बांधतात. नारळ, सुपारीचा घड, तोरिंग, चिबूड, आंबाडे, कवंडळ. थोडं म्हापशाच्या बाजारातून, बाकी सासरे स्वतः रानात जाऊन आणतात. यंदा सहा वर्षांच्या नातीला सोबत नेलं. कवंडळ लालभडक, दिसायला इतकं गोड की मुलं हमखास तोंडात घालायला बघतात, ते विषारी, म्हणून पहिला धडा तोच. दीड दिवस गणपती असतो तेवढा वेळ ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खाली उभं करून एकेकाचं नाव विचारते. शहरातून आलेले काके-मामे बहुतेक नापास.

झोपमोड

आमचा कावळा आज पोळी घेऊन गेला. अपडेट संपलं.

उजनीकाठचा

थंडीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला. भिगवण-कुंभारगाव बाजूला रोहित (फ्लेमिंगो) बघायला पुण्याची गर्दी असते, पण पोरांना रोहितापेक्षा पट्टकदंबाची गोष्ट सांगा, डोक्यावर काळे दोन पट्टे असलेला हंस, हिमालय ओलांडून येतो इथे. माझा मुलगा विचारतो, मधे जेवायला कुठे थांबतात? सकाळी लवकर होडीत बसायचं, कानटोपी, स्वेटर, आणि होडीवाल्याला सांगायचं थवा उठवू नको. काही लोक पैसे देऊन थवा उडवायला लावतात फोटोसाठी, ते बघून डोकं फिरतं.

परत आलं की शेतात हुरडा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दुधात असते तेव्हाच. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पोरांनी आगटीपासून लांब बसायचं एवढाच नियम.

दोन_वादळांची_आई

उजनीकाठचा, हुरडा दीड वर्षाच्या मुलीला चालेल का? सगळ्या दाढा आलेल्या नाहीत अजून.

उजनीकाठचा

ताई, अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कोवळा हुरडा पाट्यावर नाहीतर मिक्सरमधून भरड काढा, ताकात कालवून थोडं मीठ घालून भरवा. आमच्याकडे आजी असंच करायची. मोठ्याला थालीपीठ लावा त्याचं, लोण्यासोबत. आणि येणार असाल तर संक्रांतीच्या आधी या, नंतर दाणा टणक होतो.