मदत हवी आहे: चर्चची एक उपासना वडाखाली न्यायची होती, आजी म्हणतात 'हिरव्या झाडाखाली नको' (बडोदे)

बडोदेकरीण:

नमस्कार मंडळी. आजेसासरे रेल्वेच्या नोकरीसाठी नगरकडून बडोद्याला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एक उपासना मराठीत होते. साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. महिला मंडळ आणि संडे स्कूल दोन्ही माझ्या गळ्यात आहेत, म्हणून हा धागा.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि पलीकडच्या सोसायटीत मगर. पुढच्या रविवारी संडे स्कूलमध्ये एका पोराने विचारलं, "टीचर, देवाने मगर कशाला केली?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण ते डोक्यातून गेलं नाही. आम्ही मुलांना आकाशातल्या पाखरांची आणि रानातल्या भूकमळांची वचनं पाठ करायला लावतो, आणि चर्चच्या आवारात कुठलं झाड आहे हे मला स्वतःलाही सांगता येत नाही.

पाळकसाहेब तयार आहेत. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठीचा काळ म्हणून बऱ्याच मंडळ्या पाळतात, तो यंदा आपणही पाळू म्हणाले. मी बैठकीत तीन गोष्टी मांडल्या: कमाटीबागेत मोठ्या वडाखाली एका रविवारची उपासना, मुलांना घेऊन नदीकाठाने फेरी, आणि आवारात पन्नास रोपं.

रोपांना सगळ्यांनी मान डोलावली. एक पंच तर "बॅनर मोठा करा, फोटो चांगले येतील" म्हणाले. वडाचं नाव काढलं आणि आमच्या सगळ्यांत वयस्क आजी उभ्या राहिल्या. "माझ्या आजीने वडाला फेऱ्या मारणं सोडलं तेव्हा गावाने आमचं पाणी तोडलं. आणि तू आम्हाला परत वडाखाली बसवतेस?" मग त्यांनी पवित्र शास्त्र उघडून जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचला. डोंगरांवर आणि प्रत्येक हिरव्या झाडाखाली इतर राष्ट्रं ज्या जागी पूजा करतात त्या मोडून टाका, तो. पुढे कोणी काही बोललं नाही.

खरं सांगायचं तर मला आजींपेक्षा फोटोवाल्या पंचांची धास्ती जास्त आहे. पण आजींना दुखवून काही करायचं नाही. कोणी असं काही केलंय का? खर्चाला पाच हजार आहेत.

झाडपाला:

ताई, आधी रोपांचं. पन्नास लावू नका, आणि सप्टेंबरात तर नकोच. तुमच्याकडे पाऊस महिनाअखेर परततो, मुळं धरायच्या आत जमीन कोरडी. जूनमध्ये पर्यावरणदिनाला लावलेल्यांचंही तेच, पहिला पाऊस यायच्या आत करपतात. जुलैत पाच लावा आणि प्रत्येकाला एका घराचं पालकत्व द्या. दोन उन्हाळे पाणी घालणारं माणूस आधी, खड्डा नंतर. कडुनिंब, करंज, बहावा चालतील. वड-पिंपळ भिंतीजवळ अजिबात नको, मुळं पाया उकरतात.

मुलांना झाडं ओळखायला शिकवायचं असेल तर बायबलमधल्या जक्कयापासून सुरू करा. येशूला पाहायला तो उंबरावर चढला होता ना? तिकडचा उंबर आपल्या उंबराहून वेगळा, पण वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे वनस्पतिशास्त्रात एकाच वंशातले (फायकस) भाऊ. पान तोडलं की चीक येतो, फळ फोडलं की फूल आत लपलेलं. येशूचा शिष्य नथनेल अंजिराखाली बसला होता. म्हणजे शास्त्रात वडाची भावकी आहेच. (हे आजींना मात्र ऐकवू नका.)

काठावरचा:

मी बडोद्याचाच. नदीकाठची फेरी रद्द करा. सप्टेंबरात पाणी गढूळ आणि भरलेलं असतं, मगर दिसत नाही आणि काठावर मुलं नेणं धोक्याचं. थंडीत सकाळी त्या उन्हाला बाहेर येतात, तेव्हा काळ्या घोड्याच्या पुलावरून नीट दिसतात. जानेवारीत न्या, पुलावरूनच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे हेही सांगा, कारण पुरानंतर आमच्या गल्लीत लोक काठ्या घेऊन निघाले होते. वन खात्याला फोन करायचा, एवढंच आपलं काम.

आणि हिवाळ्यात एक दिवस डभोईजवळच्या वढवाणा तलावावर. गायकवाडांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. पाखरं दाखवायची तर तिथे.

वसईचा:

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमचं थोडं वेगळं. पण आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर आशीर्वाद देतात. ४ ऑक्टोबरला असिसीच्या फ्रान्सिसचा सण, म्हणजे दोन्ही लागूनच. तुमच्याकडे कापणीचा सण असेलच ना? मग नवीन काही शोधता कशाला?

बाकी हा सृष्टीचा काळ म्हणजे कुठल्या संस्थेची टूम नाही, हे पंचांना सांगायला हरकत नाही. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिऑस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आमच्यासाठीही तोच धरला.

निवृत्त पाळक:

ताई, जय ख्रिस्त.

आजींना उत्तर द्यायला वचनं भरपूर आहेत. अब्राहामाने बैर-शेबात झाड लावून तिथेच परमेश्वराचं नाव घेतलं. ज्या अनुवादात हिरव्या झाडाखालच्या जागा मोडायला सांगितलंय, त्याच अनुवादाच्या विसाव्या अध्यायात शहराला वेढा घातला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका असं आहे. बाविसाव्यात घरट्यातल्या पिलांबरोबर त्यांच्या आईला धरू नका असंही. शाळेत आपण जखमी पक्षिणीची ती कविता पाठ केली, ती लिहिणारे रेव्हरंड टिळक हेच शास्त्र वाचत होते.

पण यातलं एकही वचन घेऊन आजींकडे जाऊ नका. त्यांचा मुद्दा झाडाचा नाही, पाण्याचा आहे. ज्या घराचं पाणी तोडलं गेलं त्या घराला वडाची सावली वेगळी लागते. चाळीस वर्षं मंडळ्या सांभाळताना माझ्याकडून हीच चूक दोन-तीनदा झाली: समोरचा जखम दाखवत होता आणि मी अध्याय शोधत होतो.

मुलाच्या प्रश्नाबद्दल. शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा ४१वा अध्याय काढा. तिथला लिव्याथान नावाचा अजस्र प्राणी म्हणजे मगर असं बरेच अभ्यासक मानतात. माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, गळाने धरता येत नाही, पाळता येत नाही, आणि तरी देव अख्खा अध्याय त्याचं कौतुक करतो. मुलांना हे आवडतं. मोठ्यांना अवघड जातं, कारण आपल्याला सगळं आपल्यासाठीच केलेलं हवं असतं.

उत्पत्ती २:१५ वरही एक उपदेश करायला सांगा पाळकांना. एदेन बागेची मशागत आणि राखण. मशागतीसाठी मूळ इब्रीत जो 'अबाद' शब्द आहे, तोच देवाची सेवा करण्यासाठीही वापरतात.

बडोदेकरीण:

सगळ्यांचे आभार. काल आजींकडे जाऊन आले. इथल्या निवृत्त पाळकसाहेबांनी सांगितलं तसं शास्त्र न घेता, भाकरी आणि वालपापडीची भाजी घेऊन. झाडाचा विषय मी काढलाच नाही. त्यांनीच लहानपणचं शेत काढलं. पाणी तोडल्यावर आजोबांनी स्वतः विहीर खणली, आणि पुढे उन्हाळ्यात ज्यांनी तोडलं होतं तेही तिथेच भरायला यायचे. "कोणाला नाही म्हटलं नाही," एवढंच म्हणाल्या.

मग मी कापणीच्या सणाचं विचारलं तर हसायलाच लागल्या. "मॉलमधली सफरचंदं आणता नि लिलावात दुप्पट भावाने परत घेता. कुठल्या शेतातली गं ती?" बरोबरच आहे. मागच्या वर्षी आमचं स्वतःचं अर्पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ब्रोकोली होती.

तर असं ठरलं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घराला मेथी, मुळा, कोथिंबिरीच्या बिया द्यायच्या. गच्चीत, कुंडीत, फुटक्या बादलीत, कुठेही पेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जे उगवेल ते चर्चमध्ये आणायचं, मुठभर असलं तरी. वालाचं बी आजी देणार आहेत, त्यांनी दरवर्षी राखेत ठेवलेलं. ते उशिरा येईल, पण येऊ दे. लिलावाचे पैसे जुलैतल्या पाच झाडांच्या पाण्याला. बॅनर नाही. पंच जरा नाराज आहेत.

कमाटीबागेचं मी सोडून दिलं होतं. निघताना आजीच म्हणाल्या, "पोरांना ने वडाखाली. पारंब्यांना लोंबकळू दे. मी येईन, पण लांब बाकावर बसेन."

एकच राहिलं. मेथी एका कुंडीत किती पेरायची? पाकिटावर शेताचं माप आहे, आणि आमच्या मंडळीत कुंड्या आहेत.

झाडपाला:

बारा इंची कुंडीला दोन चमचे. रात्रभर भिजवून, दाट पसरून, वर बोटभर माती. पंचविसाव्या दिवशी खुडायला येते. म्हणजे तुमचं गणित जमतंय.

बडोदेकरीण:

दोन चमचे. लिहून घेतलं.