विषय: नाटकातून माघार, आणि एक खुर्ची हवी आहे

मंडळी, नमस्कार.
आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या नाटकातून मी बाहेर पडतेय. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक आहेच. हल्ली त्या रात्री दोन-तीनदा उठतात, बाहेरचं दार उघडायला बघतात. मी नोकरी तीन दिवसांवर आणली आहे. तसं विशेष काही नाही, घरातलंच आहे. पण तालमी जमणार नाहीत. कुणाकडे अंघोळीची खुर्ची पडून असेल तर कळवा.
– नाटकातली (आता माजी) मावशी

---

पुन: नाटकातून माघार

ताई, मावशी मिळेल दुसरी. पण ‘घरातलंच आहे’ हे मी चार वर्षं म्हणत होतो. हिला पक्षाघात झाला तेव्हापासून. एकदा जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नर्सने विचारलं, “आर यू हर केअरर?” मी म्हटलं, “नो, आय ॲम हर हजबंड.” ती हसली आणि माझ्या नावापुढे केअरर, म्हणजे घरच्या आजारी माणसाची काळजी घेणारा, अशी नोंद केली. फ्लूची लस मला तेव्हापासून मोफत मिळते. ते सोडा, पण निदान कुणीतरी मला ‘तुम्ही कसे आहात’ असं विचारू लागलं.

आता काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, केअरर्स असेसमेंट मागा: केअररला स्वतःला काय मदत हवी याची तपासणी. इंग्लंडमध्ये २०१४च्या केअर ॲक्टने तो तुमचा हक्क आहे. सासूबाईंनी स्वतःची तपासणी नाकारली तरी तुमची होते. ‘हे सगळं करायची तुमची इच्छा आहे का’ असंही विचारतात. मला त्या प्रश्नाचा भयंकर राग आला होता. नंतर गाडीत बसून रडलो. तिथे ‘बरं चाललंय’ म्हणू नका. रात्रींची वही ठेवा, किती वाजता उठल्या ते लिहा.

खजिनदार आहे, तेव्हा पैशांवर येतोच. पहिला अर्ज सासूबाईंच्या नावाने अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे मदत लागणाऱ्या वृद्धांच्या सरकारी भत्त्याचा. उत्पन्न किंवा बचत बघत नाहीत. २०२५-२६मध्ये दर आठवड्याला ७३.९० पौंड होता, दिवसा आणि रात्रीही मदत लागत असेल तर ११०.४०. तो मंजूर झाला की तुमचा केअरर्स अलाउन्स, म्हणजे केअररचा भत्ता: आठवड्याला किमान ३५ तास करत असाल तर मिळतो, २०२५-२६मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड होता. मात्र कर वगैरे वजा जाऊन आठवड्याचा पगार मर्यादेच्या (२०२५-२६मध्ये १९६ पौंड) वर एक पौंड जरी गेला तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. पगार बदलला की लगेच कळवा, नाहीतर पुढे वसुली येते.
– खजिनदार

---

पुन: पुन: नाटकातून माघार

आईवडिलांचं करायला सरकारी शिक्का कशाला? केअरर म्हटलं की पगारी बाई वाटते. आमच्या आईने आजीचं दहा वर्षं केलं, एक फॉर्म भरला नाही.
– एक जुने सभासद

---

पुन: पुन: पुन:

काका, तुमच्या आईंना शेवटी कुणी विचारलं होतं का, पाठ कशी आहे? आणि शब्द आपल्याकडे आहेच की. ‘त्यांचं करणारं कोण आहे?’ असं आपण विचारतोच. करणारी म्हणजेच केअरर. नातं कुठे पुसलं जातंय?

एक खबरदारी. सासूबाई व्हिसावर असतील आणि त्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ची, म्हणजे सरकारी भत्ते न घेण्याची, अट असेल, तर भत्त्याचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या. असेसमेंट त्या अटीत येत नाही, ते जरूर मागा. आणि एप्रिल २०२४पासून नोकरदार केअररला वर्षाला एक आठवडा रजा आहे, पहिल्या दिवसापासून. बिनपगारी, पण वार्षिक रजा वाचते.
– ग्रंथालयवाली

---

पुन: सगळ्यांना

जीपीकडे फोन केला. रिसेप्शनिस्टने नातं विचारलं. ‘सून’ म्हटलं, मग जरा थांबून ‘आणि केअरर’. असेसमेंटची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. सासूबाईंकडे इथलं नागरिकत्व आहे, तो प्रश्न नाही. वही सुरू केली आहे. पहिलं पान: १.४०, ३.१५, ४.५०.

अंघोळीची खुर्ची अजून हवी आहे.
– मावशी