जमिनीवरची झोंबाझोंबी खऱ्या हल्ल्यात किती कामाची?

उभाच_बरा : "स्वसंरक्षणासाठी बीजेजे शिका" हा सल्ला हल्ली सरसकट मिळतो. बीजेजे म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू, जमिनीवर पकडी घालून सांधे-गळा आवळण्याची कुस्ती. पाठोपाठ "९० टक्के मारामाऱ्या जमिनीवरच संपतात" हे वाक्य येतंच. त्याचं मूळ लॉस एंजेलिस पोलिसांच्या झटापटींच्या अभ्यासात सांगतात. आता पोलिसाला बेड्या घालायच्या असतात, तो समोरच्याला मुद्दामच आडवा करतो. आपल्याला कुणाला अटक करायची नाहीये, तिथून सटकायचंय! पाठीवर पडून एकाला पायांत धरून ठेवलंत, तर त्याचा जोडीदार डोक्यात लाथ घालायला मोकळा. शिवाय खाली मॅट नाही, खडी नाहीतर काँक्रीट. आणि ज्याला बिलगलात त्याच्याकडे चाकू निघाला तर? धावायला शिका, ओरडायला शिका. बाकी हौस म्हणून काय वाटेल ते करा.

टॅप_टॅप : जोडीदाराचा मुद्दा मान्य. पण दोघे-तिघे अंगावर आले तर उभं राहून तरी कोण जिंकतो? आणि खाली जायचं की नाही हे आपण ठरवत नसतो हो. मागून धक्का बसला, पाय अडखळला, पडलात. छातीवर कुणी बसलं की न शिकलेला माणूस दोन्ही हात लांब करून त्याला ढकलायला जातो. हात सरळ झाला की तो पिरगळायला आयताच मिळतो, आणि दम तर बघता बघता संपतो. शिकलेला माणूस कोपरं बरगड्यांना चिकटवतो, वरच्याचा एक हात आपल्या छातीशी अडकवतो, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडवतो आणि कंबर उचलून त्याला त्या बाजूला उलथवतो. सुरुवातीच्या धड्यांतलंच आहे हे. १९९३ साली डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, बीजेजेवाल्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, तेव्हा त्याचं वजन ८० किलोच्या आसपास होतं.

उभाच_बरा : आलं का डेन्व्हर! एकास एक लढत, बाजूला पंच, चावायला आणि डोळ्यांत बोटं घालायला बंदी. तरी अंतिम लढतीत समोरच्या गोर्डोने कान चावला, असं खुद्द रॉइसच सांगतो.

टॅप_टॅप : चावला असेल. तरी रॉइसने आवळलेला त्याचा गळा सुटला नाही ना?

रांदोरी : ज्युडोवाला आहे, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. १८८२ मध्ये जिगोरो कानोंनी ज्युडो सुरू केला तेव्हा भर दिला तो रांदोरीवर, म्हणजे समोरचा खरा विरोध करत असताना डाव लावण्यावर. माझ्या लेखी ग्रॅपलिंगची, म्हणजे धरपकडीच्या कुस्तीची, खरी कमाई ती. अंगावर वजन आलं तरी घाबरून श्वास कोंडत नाही. पण आजकालच्या बीजेजे स्पर्धांत लोक आपणहून बसकण मारतात, कारण तिथे गार्डमधून (पाठीवर राहून समोरच्याला पायांत धरण्याच्या स्थितीतून) गुण मिळतात. ती सवय रस्त्यावर अंगलट येईल. ज्या क्लासमध्ये ठोसे चुकवणं आणि उठून उभं राहणं शिकवत नाहीत, तिथे खेळ शिका, संरक्षण म्हणू नका.
गळ्याबद्दलही सांगतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर साधारण १० सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. त्यानंतरही धरून ठेवलंत तर कोर्टात "बचाव" म्हणणं जड जाईल.

खिडकीपाशी : तुम्ही सगळे रस्त्यावरच्या दोन पुरुषांची मारामारी डोळ्यांपुढे ठेवून बोलताय. बाईवर हात टाकणारा पुष्कळदा ओळखीचा असतो, जागा बंद खोलीची असते आणि तो वजनाने वरचढ असतो. तिथे "धावायला शिका" म्हणजे काय? पाठीवर असताना गुडघे मध्ये आणून अंतर राखणं मला तिथेच कामाचं वाटतं. मात्र दोन तासांच्या शिबिरात हे येतं असं सांगणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

उभाच_बरा : बंद खोलीचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. रस्त्यापुरतं माझं म्हणणं कायम. रांदोरी, ते उठणं जीन्स-बूट घालून जमतं का?

रांदोरी : जमतं. एक हात मागे टेकवायचा, दुसरा चेहऱ्यापुढे, एक पाय त्याला लांब ठेवायला पुढे. मग कंबर उचलून दुसरा पाय खालून मागे ओढायचा. नजर त्याच्यावरच. घट्ट जीन्समध्ये हा मागचा पाय अडकतो, म्हणून आम्ही मुलांना अधूनमधून रोजच्या कपड्यांत करायला लावतो.