फॉर्म 'फिल अप' करायचा की 'फिल इन'?

सेतूवाली, दारव्हा: काल इथं एकानं लिहिलं, 'सेतूतल्या पोरींना साधं फिल इन येत नाही, फॉर्म फिल अप म्हणतात. अप टाकीसाठी असतं.' मी सेतूतच बसते, म्हणून उत्तर देते. रकान्यात लिहायचं म्हणून ब्रिटिशांचं इन, अख्खा कागद पुरा करायचा म्हणून अमेरिकनांचं आउट. पण फॉर्म फिल अप करणं जुन्या ब्रिटिश इंग्रजीतही होतं. तिकडे मागं पडलं, आपल्याकडे टिकलं. यात अडाणीपणा कुठला?

मास्तर, मेहकर: ते मीच लिहिलं. टिकलं म्हणून बरोबर होत नाही. 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. पेपरात फिल अप लिहिलं की मार्क पोराचा जातो. 'फिल इन द ब्लँक्स' लहानपणापासून घोकता, मग फॉर्मपुढं इन कुठं जातं?

कास्तकार, घाटंजी: मास्तर, आमचा फॉर्मच भरते, टाकी भरते, बाजारबी भरते. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा होता. माह्या फॉर्मात पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन पडलं, पैसे गेले. त्याच्यावर बोलून रायले का कोणी?

मास्तर: विषय सोडू नका. आणि 'बोलून रायले' हे काय? आधी मराठी तरी धड लिहा.

वणीचा पोरगा: मास्तर, हे बोलायचं नाही! पुण्यात होस्टेलला मी 'जेवून रायलो' म्हटलं, सगळी खोली हसली. पहिलं सत्र मी मेसमधे तोंड उघडलं नाही. तुम्ही मेहकरचे असून तेच करता? 'जेवून रायलो' म्हणजे जेवण चालू आहे, कुणी मुक्कामाला राहिलेलं नाही. तुम्हीही 'देऊन टाकलं' म्हणता, तेव्हा काय फेकता? मग अपमधे 'वर' कशाला शोधता? गिव्ह अपमधे कोण वर जातं?

सेतूवाली: हेच म्हणते. इनचंही तसंच. मी सुट्टीवर असले आणि भाऊ माझ्या जागी बसला, तर तो माझ्यासाठी फिल इन करतो. तिथं रकाना कुठं आहे?

मास्तर: 'देऊन टाकलं' पटलं. मराठीवरून बोललो ते चुकलं, कास्तकारभाऊ. पण पेपरात इनच लिहा, तिथं मी हटणार नाही.

कास्तकार: लिहितीन पोरं. ताई, यंदा फॉर्म भरतानी पीक तुमी वाचून दाखवसान का? सातबारा घेऊन येतो.

सेतूवाली: या काका. दुपारी या, सकाळी सर्व्हर बंद राहते.